उंबरठ्यावरून ओट्यावर: हॅलोविनच्या कुकीची पार्श्वभूमी

ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात न्यू जर्सीतल्या आमच्या स्वयंपाकघरात ओट्यावर बोट ठेवायला जागा नसते. एकीकडे चकलीचा सोऱ्या आणि करंजीचं कातण, दुसरीकडे भूत, वटवाघूळ, भोपळा, मांजर यांचे कटर. २०२४ साली तर नरक चतुर्दशी आणि हॅलोविन दोन्ही ३१ ऑक्टोबरलाच आले. पहाटे उटणं लावून झालं आणि संध्याकाळी तीच मुलं चेटकिणीची टोपी घालून बाहेर पडली.

मुलं दारोदार फिरून पिशवीभर गोळ्या-चॉकलेटं आणतात. पण ओट्यावर वाळत ठेवलेल्या या रंगीत कुकींमधली एकही कुकी दारात आलेल्या अनोळखी मुलाच्या पिशवीत पडत नाही. तिथे फक्त दुकानातला, बंद वेष्टनातला खाऊ चालतो. कुणी लिहून ठेवलेलं नाही, पण सगळे हे पाळतात. मला याचं फार नवल वाटतं, कारण या दिवसाच्या खाऊची सुरुवातच मुळी दारात आलेल्या माणसाला घरी भाजलेलं काहीतरी द्यायचं, अशी झाली.

नवव्या शतकात पश्चिम युरोपातल्या चर्चने सर्व संतांचा सण १ नोव्हेंबरला पक्का केला. इ.स. १००० च्या सुमारास फ्रान्समधल्या क्लूनी मठाचे प्रमुख ओडिलो यांनी २ नोव्हेंबर हा सर्व मृतात्म्यांसाठी प्रार्थनेचा दिवस ठरवला. संतांच्या सणाची आदली संध्याकाळ म्हणजे हॅलोविन. आयर्लंड आणि स्कॉटलंडमध्ये याच सुमाराला, सुगी संपून हिवाळा लागताना, साविन नावाचा जुना केल्टिक सण असे आणि त्या रात्री मेलेली माणसं परत येतात अशी समजूत होती. दोन्ही एकमेकांत मिसळले. आपल्याकडे पितृपक्षात पितरांच्या नावाने पान वाढतात, तीच ओढ इथेही दिसते. गोव्यातल्या ख्रिस्ती घरांत २ नोव्हेंबरला कबरी साफ करून फुलं-मेणबत्त्या लावतात, तो हाच दिवस.

इंग्लंडमध्ये या दिवसांत गरीब माणसं आणि मुलं घरोघर जाऊन गाणी म्हणत, घरातल्या मृतांसाठी प्रार्थना करत आणि बदल्यात 'सोल केक' घेत. नावात केक असला तरी तो आपल्या नानकटाईच्या जवळचा: छोटा, गोल, मसाला आणि मनुका घातलेला, वर बहुधा क्रूसाची खूण. ती खूण हीच त्याची सजावट. सोळाव्या शतकात धर्मसुधारणेनंतर इंग्लंडच्या चर्चने मृतात्म्यांसाठीच्या प्रार्थना नाकारल्या, तरी चेशायर आणि श्रॉपशायर भागात ही फेरी लोकांनी सोडली नाही. चेशायरमधल्या अँट्रोबस गावात सोलकेकर्सची मंडळी अजूनही या दिवसांत नाटुकलं करत फिरतात.

इतर देशांतही हे दिसतं. इटलीत 'मृतांची हाडं' नावाची कडक बिस्किटं, स्पेनमध्ये बदामाची 'संतांची हाडं', मेक्सिकोत साच्यात ओतलेल्या साखरेच्या कवट्या. आयर्लंडच्या बार्मब्रॅक पावात अंगठी, नाणं, चिंधी लपवत: अंगठी मिळाली तर लग्न, नाणं मिळालं तर पैसा, चिंधी मिळाली तर गरिबी.

पदार्थाला आकार देण्याची कला मात्र जर्मन भाषकांच्या मुलखातून आणि आजूबाजूच्या देशांतून आली. जर्मनीतलं न्यूरेंबर्ग, पोलंडमधलं टोरुन ही मध ​आणि मसाल्यांच्या जिंजरब्रेडची जुनी गावं. तिथले कारागीर लाकडात उलटं चित्र कोरत: घोडेस्वार, राजा-राणी, संत. कणीक त्यात दाबायची आणि उपडी करायची, की चेहरा, दागिने, कपड्यांच्या चुण्या सगळं उठून येतं. मोदकाच्या साच्यात पाकळ्या आपोआप येतात ना, तसंच. पण असा साचा कोरायला हात लागतो आणि वेळही, म्हणून तो बेकरीवाल्याकडे असायचा, प्रत्येक घरात नाही.

घराघरांत पोहोचला तो पत्र्याचा कटर. १६८३ पासून पेनसिल्वेनियात जर्मन कुटुंबं येऊन वसू लागली आणि त्यांच्या वस्त्यांतल्या पत्रेकाम करणाऱ्या कारागिरांनी पुढे हे कटर मोठ्या प्रमाणावर केले. पत्रा म्हणजे कथिलाचा मुलामा दिलेलं लोखंड. कल्हई पाहिलेल्या माणसाला त्याची चमक लगेच ओळखू येईल. अमेरिकेत तो मुख्यतः वेल्समधून येई. १८९० च्या मॅकिन्ली कायद्याने आयात पत्र्यावर मोठा कर बसला, तेव्हा कुठे तिथले स्वतःचे कारखाने उभे राहिले. कंदील, डबे करून उरलेल्या तुकड्यांतून हे कटर व्हायचे असं सांगतात.

असा एक कटर माझ्याकडे आहे. पेनसिल्वेनियातल्या लँकेस्टर काउंटीत, जुन्या वस्तूंच्या बाजारात मिळाला. घोड्याचा आहे, पण घोडा कसला, मान आखूड आणि पोट सुटलेलं. मागे सपाट पत्रा, त्याला पट्टीची मूठ, आणि मधोमध बोट जाईल एवढं भोक. ते भोक शोभेचं नाही. कटर दाबला की आत अडकलेली हवा तिथून निघते आणि कणीक चिकटली तर त्याच भोकातून बोटाने ढकलायची. कडेची पट्टी जिथे जिथे वळते तिथे डाखाचा एकेक जाड थेंब आहे, एकसारखी रेघ नाही. हाताने वळवून, हाताने डाख दिलेला. हा घोडा मी अजून वापरते. त्याचे मागचे पाय दर वेळी तुटतात, कारण तिथली जागा करंगळीपेक्षा बारीक आहे.

तर, लाकडी साच्याने चित्र आतून दिलं, पत्र्याच्या कटरने फक्त बाहेरची रेघ दिली. कटरने कापलेला घोडा कोरा असतो, त्याला डोळा नाही, आयाळ नाही. कुकीवर आयसिंग, रंग आणि पुढे स्टेन्सिल (नक्षीची भोकं कातलेला पातळ कागद किंवा प्लॅस्टिक) यांची इतकी गरज का पडली, याचं उत्तर मला या कोऱ्या जागेत दिसतं. लाकडी साचा टिकला असता तर कदाचित हे सगळं लागलंच नसतं.

'कुकी' हा शब्द न्यू यॉर्कच्या डच वसाहतीतून आला. डचांचा 'कूक्ये', म्हणजे छोटा केक. १७९६ साली हार्टफर्डमध्ये छापलेल्या अमीलिया सिमन्स यांच्या पाककृतींच्या पुस्तकात तो सापडतो, पण नाताळच्या संदर्भात. सजवलेली कुकी पुढेही बराच काळ नाताळचीच राहिली.

हॅलोविन अमेरिकेत रुजलं ते आयर्लंडमधल्या १८४५ नंतरच्या बटाट्याच्या दुष्काळाने लाखो माणसं समुद्रापार गेली तेव्हा. मायदेशी ते सलगम कोरून दिवा करत, इथे त्यांना त्याहून मोठा आणि कोरायला सोपा लाल भोपळा मिळाला. कोरलेला भोपळा ही एक स्टेन्सिलच आहे: कातलेल्या भोकांतून उजेड बाहेर येतो आणि चेहरा दिसतो. पुढे विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मॅसॅच्युसेट्समधली डेनिसन ही कागदाची कंपनी हॅलोविनच्या पार्ट्यांसाठी केशरी-काळ्या क्रेप कागदाची सजावट विकू लागली आणि १९०९ पासून घर कसं सजवावं याची पुस्तिका काढू लागली. काळी मांजर, वटवाघूळ, झाडूवर बसलेली चेटकीण, ही सगळी काळ्या कागदात कातायची चित्रं. त्यांना तपशील लागत नाही, बाहेरची रेघ पुरते. म्हणूनच हॅलोविनची चित्रं कटरला आणि स्टेन्सिलला इतकी सहज बसली. नाताळच्या गोठ्याचं चित्र एका रेघेत काढून बघा, किती अवघड आहे ते कळेल.

दुसऱ्या महायुद्धामुळे मे १९४२ ते जून १९४७ अमेरिकेत साखरेवर रेशन होतं. रेशन उठलं आणि दारोदार खाऊ मागण्याची प्रथा वाऱ्यासारखी पसरली. घरची कुकी, पॉपकॉर्नचे लाडू, पाकात बुडवलेली सफरचंदं, सगळं पिशवीत पडत होतं.

इथे केशरी रंगाची गोष्ट सांगायलाच हवी. १९५० च्या हॅलोविनला बरीच मुलं आजारी पडली. कारण निघालं केशरी रंगाची मिठाई. तिच्यात 'ऑरेंज नंबर १' हा सरकारमान्य कृत्रिम रंग एक ते दोन टक्के घातलेला होता. खाण्याचे हे रंग डांबरापासून निघणाऱ्या रसायनांचे, १८५६ साली लंडनमध्ये विल्यम पर्किन यांच्या हातून अपघाताने सापडलेल्या जांभळ्या रंगाचे वंशज. १९५० च्याच सुमारास अमेरिकी संसदेचे सदस्य जेम्स डिलेनी यांच्या समितीने अन्नातल्या रसायनांची चौकशी चालवली होती. ऑरेंज नंबर १ यादीतून गेला आणि १९६० साली रंगांचा स्वतंत्र कायदा आला. जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने खाण्यातून रद्द केलेला 'रेड नंबर ३' याच कायद्याखाली गेला. म्हणून आयसिंगमध्ये रंग घालताना माझा हात आखडतो. केशरी रंग गडद होण्यासाठी मी बाटली उपडी करत नाही, झाकून रात्रभर ठेवते. सकाळपर्यंत तो आपणच एक छटा वर जातो. काळ्यासाठी आधी कोको घालून तपकिरी करायचं, मग काळा रंग अगदी थोडा पुरतो.

दार बंद झालं ते १९७० च्या दशकात. १९७४ च्या हॅलोविनला टेक्सासमध्ये एका बापाने विम्याच्या पैशांसाठी स्वतःच्या आठ वर्षांच्या मुलाला गोळीच्या पुडीतून सायनाइड दिलं. १९८२ मध्ये हॅलोविनच्या महिनाभर आधी शिकागो परिसरात टायलेनॉल या वेदनाशामक औषधाच्या कॅप्सूलांत कुणीतरी विष भरलं आणि सात जण गेले. देशभर आईबाप हादरले. मुलांनी आणलेल्या गोळ्यांचा एक्स-रे काढून देण्याची सोय हॉस्पिटलांनी केली. समाजशास्त्रज्ञ जोएल बेस्ट यांनी १९५८ पासूनच्या बातम्या तपासल्या. अनोळखी माणसाने दारातल्या खाऊतून विष देऊन मूल मारल्याचं एकही सिद्ध उदाहरण त्यांना मिळालं नाही. टेक्सासचा तो बाप अनोळखी नव्हता. पण भीती खरी होती आणि तिने घरच्या कुकीला दारातून उठवलं. मला याचं वाईट वाटतं. शेजारच्या आजींच्या हातची कुकी खाण्याचं सुख दोन पिढ्यांनी गमावलं, तेही न घडलेल्या गोष्टीपायी.

कुकी मात्र संपली नाही, आत ओट्यावर आली. आता ती ओळखीच्यांसाठी, घरच्या पार्टीसाठी. माणसं कमी आणि वेळ जास्त, म्हणून सजावट वाढली. तिचा पाया रॉयल आयसिंग: पिठीसाखर आणि अंड्याचा पांढरा बलक. नाव व्हिक्टोरिया राणीच्या १८४० च्या लग्नाच्या केकशी जोडतात, पण कृती त्याआधीची. एलिझाबेथ रॅफल्ड यांनी ती १७६९ साली मँचेस्टरमध्ये लिहून ठेवली होती. कच्च्या अंड्यातल्या साल्मोनेला जंतूंची धास्ती वाढल्यावर घरोघरी मेरँग पावडर, म्हणजे वाळवलेल्या पांढऱ्या बलकाची पूड, आली.

स्टेन्सिल आपल्याला नवी नाही. रांगोळीच्या छाप्याच्या डब्यात रांगोळी भरून उंबऱ्याशी ठोकली की लक्ष्मीची पावलं उमटतात, तत्त्व तेच. जपानी कारागीर किमोनो रंगवायला तुतीच्या कागदाचे थर पर्सिमन या फळाच्या रसाने ताठ करून त्यांत नक्षी कातत. कुकीसाठी आज पातळ प्लॅस्टिकचा, १९५० च्या दशकात बाजारात आलेला मायलार वापरतात, लेझरने कातलेला. नक्षी कुठलीही असो, आतला तुकडा सुटून पडू नये म्हणून बारीक पूल ठेवावेच लागतात. कोळ्याच्या जाळ्याचं चित्र म्हणूनच स्टेन्सिलला फार शोभतं, त्यात पुलांशिवाय दुसरं काही नसतंच.

काम असं: खालचा थर आठ-दहा तास वाळू द्यायचा, बोटाने टकटक केलं की कडक आवाज आला पाहिजे. स्टेन्सिल कुकीवर घट्ट धरायची. वरचं आयसिंग दाट, श्रीखंडाइतकं, पातळ असेल तर स्टेन्सिलखाली झिरपून जाळ्याचा चिखल होतो. पट्टी एकाच दिशेने, एकदाच फिरवायची आणि स्टेन्सिल सरळ वर उचलायची. एअरब्रश (हवेच्या जोराने रंग फवारणारं उपकरण) वापरला तर तो बरोबर वरून धरायचा, तिरपा धरला की रंग कडेखाली शिरतो. १८९३ च्या शिकागो प्रदर्शनात चित्रकारांसाठी मांडलेलं हे उपकरण पुढे केकवाल्यांनीही उचललं.

आता कटर थ्री-डी प्रिंटरवर हवा तसा छापून मिळतो. एक मैत्रीण गेल्या वर्षी वडापावचा घेऊन आली होती. मी मात्र भुतासाठी वेगळा कटर घेतलेलाच नाही. ट्यूलिप फुलाचा आहे, तो उलटा धरते. तीन पाकळ्यांचा होतो झग्याचा फाटका घेर, देठाकडच्या गोलाईचं होतं डोकं, वर दोन काळे ठिपके. यंदाची सहा भुतं फराळाच्या ताटलीत चकल्यांशेजारी ठेवून मी समोरच्या घरी नेऊन दिली. त्यांच्या धाकटीने दारातच एकाचं डोकं खाल्लं.