पाणी येण्याआधीची धास्ती: कोल्हापुरात मनाला आधार शोधण्यामागची पार्श्वभूमी

राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी 39 फूट, धोका पातळी 43. नदीकाठच्या चिखली-आंबेवाडीत हे आकडे शाळकरी पोरांनाही पाठ असतात. राधानगरी धरणाचे स्वयंचलित दरवाजे उघडल्याची बातमी आली, की टीव्ही, धान्याची पोती माळ्यावर चढतात, जनावरं पाहुण्यांच्या गावी हलतात. ही धावपळ जुनीच. अलीकडे मात्र वळीव सुरू झाला तरी छातीत धडधडतं, रात्री झोप लागत नाही, असं सांगणारी माणसं भेटतात.

ही धास्ती का वाढली, ते पुरांची सालं पाहिली की कळतं. 1989 नंतरचा महापूर 2005 चा, त्यानंतरचा 2019 चा. मधल्या चौदा-सोळा वर्षांत घर सावरायचं, कर्ज फिटायचं, पोरांची लग्नं व्हायची. 2019 ला पाणी 55 फुटांवर गेलं, शिरोलीजवळ महामार्ग बंद पडला. आणि दोनच वर्षांत, 2021 ला, पाणी 56 फुटांवर. एकदा पूर येऊन गेला की दहा-पंधरा वर्षं निवांत, हा पिढ्यांचा हिशेब तिथं मोडला. कर्नाटकातल्या अलमट्टी धरणाच्या पाण्याने इकडे पूर वाढतो का, हा वाद आहे, पूररेषेतली बांधकामंही आहेत. पण थोड्या दिवसांत कोसळून जाणारा पाऊस हवामान बदलाने वाढतोय, हे आता लोकांनाही उमगलंय.

मनाच्या उपचाराची सरकारी वाट मात्र दुसऱ्याच कारणांनी तयार झाली. राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम 1982 चा, जिल्हा पातळीवरचा 1996 चा. 1993 च्या किल्लारी भूकंपानंतर आपत्तीचा मनावर होणारा परिणाम राज्यात गांभीर्याने अभ्यासला गेला. शेतकऱ्यांच्या समुपदेशनासाठी 2015 ला ‘प्रेरणा प्रकल्प’ आला, तोही विदर्भ-मराठवाड्यातल्या 14 जिल्ह्यांसाठी. कोल्हापूर पडला उसाचा सधन जिल्हा! पूरग्रस्तांना सानुग्रह अनुदान मिळालं, पंचनामे झाले. पंचनाम्यात भिंत येते, भांडी येतात, उडालेली झोप कुठेच येत नाही. मला हीच उणीव सर्वांत मोठी वाटते.

बाहेरच्या जगात या भीतीची दखल याच काळात घेतली जात होती. 2021 मध्ये भारतासह दहा देशांतल्या 16 ते 25 वयाच्या दहा हजार तरुणांची पाहणी प्रसिद्ध झाली. हवामान बदलाची फार काळजी वाटते, असं 59 टक्क्यांनी सांगितलं.

मानसिक उपचार मिळणं हा 2017 च्या कायद्याने प्रत्येकाचा हक्क आहे. ऑक्टोबर 2022 पासून ‘टेलि-मानस’ या सरकारी फोन-समुपदेशन सेवेच्या 14416 या क्रमांकावर दिवसरात्र, मराठीतही, मोफत बोलता येतं. शहरात सीपीआर या सरकारी रुग्णालयात मानसोपचार विभाग आहे. तिथं जाताना आजाराचं नाव माहीत असायची गरज नाही. ‘पाऊस लागला की जीव घाबरा होतो, झोप येत नाही’ एवढं सांगितलं तरी चालतं. आणि त्यासाठी पाणी उंबऱ्याला लागायची वाट बघू नये, जूनमध्येच जावं.