आईचं ताट वेगळं कशाला?

जळगावला आईची केमो सुरू झाली आणि भेटायला आलेल्या मावशीने तिचं ताट-तांब्या वेगळा काढला. म्हणे, कॅन्सर उष्ट्यातून लागतो!

नाही लागत. दुसऱ्याच्या पेशी आपलं शरीर परक्या समजून मारून टाकतं. मशीनने बाहेरून दिलेल्या ‘शेका’नंतरही (रेडिएशन) अंगात किरण उरत नाहीत. केमोनंतर दोनेक दिवस उलटी-लघवी साफ करताना मात्र हातमोजे घालावेत. औषध त्यातून बाहेर पडतं.

खरा धोका उलटाच. केमोनंतर साधारण ७ ते १४ दिवसांत रक्तातल्या, जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी घटतात, आणि आपली सर्दी तिला महागात पडते. नाक वाहत असलं की नातू दाराशीच थांबतो. एरवी कळण्याच्या भाकरीचा तुकडा तिच्याच ताटातला मोडतो.