घरचा आरओ आणि डायलिसिसचा आरओ

आमच्या युनिटमध्ये पेशंटसोबत आलेलं कुणी ना कुणी रिकामी बाटली घेऊन आरओ रूमच्या दाराशी येतं, "इथलं पाणी एकदम प्युअर ना, भरून द्या की दादा." आणि कुणी विचारतं, आरओ तर घरीपण आहे, मग इथे एवढा मोठा प्लांट कशाला? नाव सारखं, आतलं मेम्ब्रेन चालतंही तसंच, त्यामुळे घोळ होतो.

प्यायलेलं पाणी आधी पोटात, आतड्यात जातं आणि नको ते किडनी बाहेर टाकते. डायलिसिसमध्ये मिनिटाला साधारण 500 मिली म्हणजे चार तासांत 120 लिटर पाणी रक्ताला खेटून जातं, मध्ये फक्त डायलायझरचा, म्हणजे रक्त गाळणाऱ्या फिल्टरचा, पातळ पडदा, आणि बाहेर टाकायला किडनीच चालत नाही.

क्लोरीनचंच बघा. प्यायच्या पाण्यात तो लिटरला निदान 0.2 मिलीग्रॅम उरलेला हवा, नाहीतर जंतू वाढतात, आणि आम्हाला मात्र एकूण क्लोरीन 0.1 च्या वर चालत नाही, कारण त्यातलं क्लोरामाइन (क्लोरीन आणि अमोनिया मिळून बनतं ते) रक्तात गेलं की तांबड्या पेशी फुटतात. क्लोरामाइन मेम्ब्रेनने नीट अडत नाही, म्हणून आधी कार्बनच्या टाक्या. शिफ्ट सुरू व्हायच्या आधी पहिल्या टाकीनंतरचं सँपल घेऊन त्यात क्लोरीन दाखवणारी डीपीडी पावडर टाकतो आणि पांढऱ्या कागदासमोर धरून बघतो, गुलाबी झाक दिसली की एकही मशीन लावायचं नाही, बाहेर पेशंट कितीही खोळंबले तरी.

घरी लोक टीडीएस मीटर बुडवून खूश होतात, पण त्यात ना क्लोरामाइन कळतं ना एंडोटॉक्सिन, म्हणजे जंतूंच्या आवरणातलं विष. यूव्हीने जंतू मरतात खरे, पण मेलेल्या जंतूंचं एंडोटॉक्सिन पाण्यात राहतंच, आणि त्यानेच पेशंटला मशीनवर हुडहुडी भरून ताप येतो. म्हणून साध्या डायलिसिसच्या पाण्यात मिलीलिटरला 100 पेक्षा कमी जंतू आणि 0.25 युनिटपेक्षा कमी एंडोटॉक्सिन लागतं, अल्ट्राप्युअरला तर 0.1 आणि 0.03.

1996 साली ब्राझीलच्या कारुआरू गावात तलावातल्या शेवाळाचं विष टँकरच्या पाण्यातून डायलिसिस सेंटरमध्ये पोचलं आणि त्याने 52 पेशंट गेले. ते वाचल्यापासून लॉगबुकात नुसती टिक मारायला माझा हात धजत नाही.

बाटलीवाल्यांना मी नाहीच म्हणतो. आमचं पाणी पाईपात सारखं फिरतं ठेवावं लागतं, थांबलं की आत बुळबुळीत थर धरतो, आणि मधला नळ येताजाता उघडला की बाहेरचे जंतू आत शिरायला वाट मिळते. प्यायचं पाणी पॅसेजमधल्या कूलरला आहे.