मोठ्या कारखान्यात माणूस नावापुरताच?

"मोठ्या कंपनीत सगळं मशीनच करतं, कामगार फक्त बटण दाबतो," हा मजकूर व्हॉट्सअॅपवर वर्षानुवर्षं फिरतोय. बाहेरून चकचकीत शेड पाहिली की तसं वाटणं साहजिक आहे.

जळगावात बनणाऱ्या पीव्हीसी पाइपचंच घ्या. माल साधारण १८० ते २०० अंशांवर वितळून साच्यातून बाहेर येतो. तापमान मशीन राखतं, हे खरं. पण साचा मध्यावर नसेल तर पाइप एका बाजूला जाड, दुसरीकडे पातळ निघतो, आणि साचा मध्यावर आणणारे बोल्ट अनेक ठिकाणी आजही हातानेच फिरवतात. पाइप ओढायचा वेग जरा वाढला की जाडी कमी. माल जास्त तापला की रंग पिवळसर पडतो. मुरलेला ऑपरेटर ती छटा लगेच हेरतो. मे महिन्यात थंड करायचं पाणीच कोमट असतं (जळगावकरांना काय सांगायचं!), तेव्हा तर नजर हटवून चालतच नाही.

पडताळायचं असेल तर केळीबागेसाठी आणलेल्या पाइपचं टोक सरळ कापा, व्हर्नियरने (बारीक जाडी मोजायच्या साधनाने) चार बाजूंनी जाडी मोजा. थोडा फरक चालतो; किमान-कमाल जाडी आयएस ४९८५ या पीव्हीसी पाइपच्या भारतीय मानकात दिली आहे. छापलेला बॅच क्रमांकही बघा, त्यावरून कारखान्याला तो माल सहसा कधी निघाला ते शोधता येतं.