एमसीबी असताना शॉक बसतोच कसा?

पावसाळ्यात ओल्या फरशीवर हँड ग्राइंडर चालवताना कामगाराला करंट बसतो आणि गाळ्याचा मालक वायरमनवर चिडतो: "एमसीबी तर नवीन बसवलीय, मग पडली कशी नाही?" एमसीबी म्हणजे करंट फार वाढला की आपोआप पडणारा खटका. इथे ती पडणार नव्हतीच, कारण ते तिचं काम नाही. तरी हा प्रश्न दर जून-जुलैत नव्याने विचारला जातो. शेजारच्या गाळ्यातला कुणीतरी छातीठोकपणे "चांगल्या कंपनीची बसवा" असा सल्लाही देतो.

एमसीबी सगळ्यांना माहीत आहे, म्हणून थोडक्यात. लोड वाढला की आतली द्विधातू पट्टी तापून वाकते, शॉर्टसर्किट झालं की कॉइल झटक्यात खटका ओढते. दोन्ही वेळेला ती राखते वायरीला. म्हणूनच १६ अँपिअरची सारखी पडते म्हणून त्याच वायरीवर ३२ ची बसवणाऱ्या माणसाला पुन्हा डीबीला, म्हणजे एमसीबी बसवलेल्या पेटीला, हात लावू देऊ नये. एमसीबी पडायची थांबते, आणि वायर भिंतीत शिजत राहते.

आता खरा घोळ. ओल्या हातांनी, ओल्या पायांनी उभ्या असलेल्या माणसाच्या शरीराचा रोध साधारण १,००० ओहम धरा. २३० व्होल्टला त्याच्यातून ०.२३ अँपिअर, म्हणजे २३० मिलिअँपिअर वाहतात. साधारण १० मिलिअँपिअरलाच स्नायू आखडतात आणि हातातली वस्तू सोडता येत नाही. ३० च्या वर करंट काही काळ टिकला तर श्वास आणि हृदय दोन्ही धोक्यात येतात. इथे तर त्याच्या सातपटीहून जास्त चाललेत. आणि डीबीतली १६ अँपिअरची एमसीबी काय बघतेय? पाव अँपिअरही नाही. तिच्या लेखी तो माणूस म्हणजे कुणीतरी लावलेला पन्नास-साठ वॅटचा जुना पिवळा बल्ब. ती कितीही महाग असली तरी तासभर शांत बसेल.

इथे लगेच उत्तर येतं: "पण आमच्याकडे अर्थिंग आहे." असेल. किती चांगलं आहे? ग्राइंडरच्या आत फेजची वायर धातूच्या बॉडीला टेकली, तर करंट अर्थिंगमधून ट्रान्सफॉर्मरपर्यंत परत जातो. त्या सगळ्या वाटेचा रोध ५ ओहम असेल तर ४६ अँपिअर वाहतील. १६ ची सी-कर्व्ह प्रकारची एमसीबी झटक्यात हमखास पडायला १६० अँपिअर लागतात. ४६ ला ती पट्टी तापवत तापवत, काही सेकंदांनी पडेल. कित्येक गाळ्यांत अर्थिंगचा खड्डा वर्षानुवर्षं कोरडा असतो, पाणी ओतायची आठवण कुणालाच नसते. तिथे तो रोध २० ओहम झाला की करंट उरला साडेअकरा अँपिअर. १६ ची एमसीबी यावर कधीच पडणार नाही. मशीनची बॉडी जिवंत, एमसीबी चालू, अर्थिंगची हिरवी वायरही जागेवर, आणि सगळ्यांना वाटतं आपण सुरक्षित आहोत.

अशा वेळी माणसाला राखते ती आरसीसीबी, म्हणजे करंटच्या गळतीवर पडणारा खटका. ती लोड बघतच नाही. तिच्यातल्या लोखंडी कड्यातून फेज आणि न्यूट्रल दोन्ही जातात. फेजने गेलेला करंट न्यूट्रलने तेवढाच परत आला तर ती गप्प. ३० मिलिअँपिअरचा फरक पडला की ०.३ सेकंदाच्या आत, आणि फरक १५० चा असेल तर ०.०४ सेकंदात ती सप्लाय तोडते. वरच्या साडेअकरा अँपिअरच्या गळतीवर ती मशीनला कुणी हात लावायच्या आधीच पडली असती. अर्थिंग अजिबात नसेल तरी ती चालते, फक्त तेव्हा गळतीची वाट माणसाच्या शरीरातून जाते आणि एक झटका बसल्यावरच ती पडते. म्हणून दोन्ही हवं.

दुकानात तिला अजून ईएलसीबी म्हणतात. म्हणू द्या. त्यापेक्षा तिच्यावरचे दोन आकडे नीट वाचा. २५, ४० किंवा ६३ अँपिअर हा आकडा ती किती करंट वाहून नेऊ शकते याचा. तेवढ्यावर ती पडत नाही, ओव्हरलोडशी तिचा संबंधच नाही, तिच्या जोडीला एमसीबी लागतेच. दुसरा, बारीक अक्षरातला आकडा जिवाचा: ०.०३ अँपिअर की ०.३? दिसायला दोन्ही सारख्या. ०.३ वाली, म्हणजे ३०० मिलिअँपिअरची, आग टाळायला मेनवर ठीक आहे, माणसाला तिचा भरवसा नाही. "ही घ्या, सारखी पडत नाही" म्हणून ती गळ्यात मारणारे दुकानदार मला भेटलेले आहेत. घेताना आयएस १२६४० हा भारतीय मानकाचा क्रमांक आणि ०.०३ बघून घ्या.

आणि "सारखी पडते म्हणून बायपास केली" ही तर माझी खास चीड. ती बहुतेक वेळा खरं सांगत असते: पाणी शिरलेला जंक्शन बॉक्स, गळका हीटर, जुनी मोटर. नाहीतर वायरमनने आरसीसीबीनंतरचा न्यूट्रल दुसऱ्या सर्किटच्या न्यूट्रलला जोडलेला असतो, किंवा तो कुठेतरी अर्थला टेकलेला असतो; मग करंट परत भलत्याच वाटेने येतो आणि हिशोब जुळत नाही. एकेक सर्किट बंद करून बघा, तासाभरात सापडतं. अख्ख्या गाळ्याला एकच आरसीसीबी लावली की एका ग्राइंडरपायी सगळं अंधारात जातं, आणि बायपासचा मोह तिथेच सुरू होतो. माझं मत ठाम आहे: हातात धरायच्या मशीनच्या प्रत्येक सॉकेट सर्किटला स्वतंत्र आरसीबीओ लावा. त्यात एमसीबी आणि आरसीसीबी दोन्ही एकत्र असतात. महाग पडते, पण काम थांबत नाही.

एका बाबतीत मात्र तीही आंधळी. कोरड्या लाकडी स्टुलावर उभं राहून एका हातात फेज, दुसऱ्यात न्यूट्रल धरलात, तर गेलेलं तेवढंच परत येतं आणि ती पडत नाही. दुरुस्तीच्या वेळी मेन बंदच हवा. तिच्यावरचं टी (टेस्ट) बटण महिन्यातून एकदा दाबा, न पडल्यास त्याच दिवशी बदला. पडली तर खटका मोकळा आहे एवढं कळलं. अर्थिंग कसं आहे ते या बटणाला कळत नाही, त्यासाठी वायरमनकडून अर्थ टेस्टरने रोध मोजून घ्यावा लागतो, तोही उन्हाळ्यात, खड्डा सर्वात कोरडा असताना.