अमली पदार्थविरोधी पोलीसबळ, खानदेशातील

जळगाव, धुळे व नंदुरबार या जिल्ह्यांत गांजा, अफूची बोंडे, मेफेड्रोन (‘एमडी’ हे रासायनिक मादक द्रव्य) व गुंगीच्या गोळ्या यांच्या गुन्ह्यांचा तपास करणारे पोलीस मनुष्यबळ, त्याची रचना व साधने. तिन्ही जिल्हे पोलिसांच्या नाशिक परिक्षेत्रात मोडतात. खानदेशात आयुक्तालय नाही. प्रत्येक जिल्हा पोलीस अधीक्षकाच्या हाताखाली असून छापे प्रामुख्याने स्थानिक गुन्हे शाखा (एलसीबी) व त्या त्या हद्दीचे पोलीस ठाणे घालते.

भूगोलामुळे या कामाचे दोन भाग पडतात. धुळे जिल्ह्यातील शिरपूर तालुक्यात व त्याच्या आसपास, सातपुड्याच्या पायथ्याशी, कापूस, तूर किंवा मक्याच्या आड गांजाची झाडे लावली जातात. दुसरा भाग वाहतुकीचा. मुंबई–आग्रा महामार्ग मध्य प्रदेशातून पळासनेरजवळ महाराष्ट्रात उतरतो आणि धुळ्याला सुरत–नागपूर महामार्गाला छेदतो. भुसावळला मुंबई, नागपूर, इटारसी व सुरत या दिशांचे लोहमार्ग मिळतात. तेथील तपास लोहमार्ग पोलीस व रेल्वे सुरक्षा दलाकडे असतो.

पूर्वपीठिका. माळव्याच्या अफूवर कंपनी सरकारने १८३० च्या सुमारास परवाना-शुल्काची पद्धत आणली. मुंबई बंदराकडे जाणारा काही माल सेंधव्याच्या घाटाने खानदेशातून उतरत असावा. याच काळात, १८२५ मध्ये, खानदेश भिल्ल पलटण उभी राहिली. तिचे ठाणे धरणगावला होते. तिच्या उभारणीचे श्रेय कोणाचे, याविषयी मतभेद आहेत. बहुतेक लेखक ते कंपनीच्या सैन्यातील अधिकारी जेम्स आउट्रमला देतात. काही जण मुंबईचा गव्हर्नर एल्फिन्स्टन (कार्यकाल १८१९–२७) याच्या धोरणाला देतात. धोरण मुंबईत ठरले आणि माणसे आउट्रमने जमवली, असे मानणे अधिक सयुक्तिक वाटते. पलटणीचा अमली पदार्थांशी थेट संबंध दिसत नाही. मात्र डोंगरातल्या वाटा ठाऊक असलेला स्थानिक माणूस दलातच हवा, हा विचार येथे तेव्हापासून रुजला. गावचा जागल्या हा त्याआधीपासूनचा दुवा. आज ते काम १९६७ च्या महाराष्ट्र ग्राम पोलीस अधिनियमाखाली नेमलेला पोलीस पाटील करतो आणि गांजाच्या शेताची पहिली खबर पुष्कळदा त्याच्याकडूनच येते. १९८५ च्या अमली पदार्थ कायद्याच्या (एनडीपीएस) कलम ४७ नुसार अशी खबर देणे सरपंच व ग्रामअधिकाऱ्यांचे कर्तव्यच आहे.

संख्याबळ. दर लाख लोकांमागे २२२ पोलीस हे संयुक्त राष्ट्रांचे मानक म्हणून सर्रास सांगितले जाते. त्याला बंधनकारक मानक म्हणण्यापेक्षा रूढ झालेला मापदंड म्हणणे सुरक्षित. २०११ च्या जनगणनेनुसार तिन्ही जिल्ह्यांची लोकसंख्या ७९,२९,०७४ होती. या हिशेबाने सुमारे १७,६०० पोलीस लागतील. पण एकूण आकड्यावरून गांजाच्या तपासाची खरी अडचण कळत नाही. एनडीपीएस कायद्याखालील कामात किती माणसे आहेत यापेक्षा कोणत्या दर्जाची आहेत, याला महत्त्व आहे.

कलम ४२ नुसार झडती व जप्तीचा अधिकार शिपायाच्या वरच्या दर्जाच्या आणि शासनाने अधिकार दिलेल्या अधिकाऱ्यालाच असतो. म्हणजे ठाण्यातील सर्वांत मोठा गट, पोलीस शिपाई, कारवाईत सोबत असला तरी स्वतः कारवाई करू शकत नाही. मिळालेली खबर लिहून घ्यावी लागते आणि तिची प्रत ७२ तासांच्या आत वरिष्ठाकडे पाठवावी लागते. उघड्या शेताला कलम ४२ लागू होते की सार्वजनिक जागेचे कलम ४३, याचे उत्तर शेताला कुंपण आहे का, तेथे लोकांची ये-जा आहे का, यावर अवलंबून राहते. अनुभवी तपास अधिकारी ४२ चीच वाट धरतात, आणि तेच शहाणपणाचे आहे.

फिर्याद देणारा आणि तपास करणारा अधिकारी वेगळाच हवा, असे सर्वोच्च न्यायालयाने मोहनलाल खटल्यात (२०१८) सांगितले. एक-दोन उपनिरीक्षकांवर चालणाऱ्या ठाण्याला ही अट पेलणे कठीण होते. मुकेश सिंह खटल्यात (३१ ऑगस्ट २०२०) घटनापीठाने तो निर्णय फिरवला. फिर्यादीनेच तपास केला एवढ्यावरून खटला आपोआप रद्द होत नाही. तरीही बचाव पक्ष हा मुद्दा काढतोच. म्हणून जेथे माणसे आहेत तेथे तपास दुसऱ्याकडे देतात.

शेतातला छापा म्हणजे ठाण्याचा अख्खा दिवस. पंच, वजनकाटा, गोण्या, लाख-सील, छायाचित्रकार आणि झाडे उपटायला मजूर, एवढे सोबत न्यावे लागते. गाडी रस्ता असेल तेथपर्यंतच जाते, पुढे पायी. परतताना ओली झाडे डोक्यावरून खाली आणतात. येथे वजनाचा प्रश्न उभा राहतो. कायद्याच्या व्याख्येत गांजा म्हणजे फुलोऱ्याचे किंवा फळांचे शेंडे. शेंड्यांविना असलेली पाने व बिया त्यात येत नाहीत. मुळांची माती, खोड, पाने यांसह काट्यावर चढवलेले वजन वृत्तपत्रात छापून येते, परंतु व्यापारी प्रमाणाची (ज्यापासून सर्वांत कडक शिक्षा लागू होते त्या वजनाची) २० किलोची मर्यादा शेंड्यांच्या वजनावर मोजायची, असा युक्तिवाद न्यायालयात होतो. शेंडे वेगळे करायला माणसे व तास दोन्ही लागतात. हे काम घाईत उरकले की दहा ते वीस वर्षांच्या शिक्षेचे कलम निसटते आणि लागवडीचे कलम २०(अ) उरते. त्यात प्रमाण पाहिले जात नाही. कमाल शिक्षा दहा वर्षे. वनपट्ट्यावरील शेतात झाडे नेमकी कोणाची, हे ठरवायला वन व महसूल खात्याची कागदपत्रेही लागतात.

डिसेंबर २०२२ च्या केंद्रीय नियमांनुसार नमुने दंडाधिकाऱ्यासमोर काढले जातात. गांजाचा प्रत्येक नमुना किमान २४ ग्रॅमचा, दोन प्रतींत. १ जुलै २०२४ पासून झडतीचे दृकश्राव्य चित्रण बंधनकारक झाले. नमुने विभागीय प्रयोगशाळेत, नाशिकला, जातात. ते पोहोचवण्यातही एका अंमलदाराचा दिवस मोडतो. मुद्देमालाच्या खोलीत गोण्या साठत जातात, उंदीर लागतात, वजन घटते. त्याचा जाब अखेर मुद्देमाल कारकुनाला द्यावा लागतो.

गोळ्या. धुळे शहरात व शेजारच्या मालेगावात ‘कुत्ता गोळी’ या नावाने मुख्यतः अल्प्राझोलाम हे गुंगी आणणारे औषध विकले जाते. व्यापारी प्रमाण १०० ग्रॅम शुद्ध औषधाचे की गोळीच्या सगळ्या वजनाचे, हा वाद हिरा सिंग खटल्याने (२०२०) मिटवला. संपूर्ण मिश्रणाचे वजन धरायचे. या तपासात अन्न व औषध प्रशासनाचा औषध निरीक्षक सोबत लागतो.

समन्वय. जिल्हाधिकाऱ्याच्या अध्यक्षतेखाली जिल्हा नार्को समन्वय समिती असते. राज्य पातळीवर अमली पदार्थविरोधी टास्क फोर्स असून २०२५ मध्ये तिच्यासाठी ३४६ पदांना मंत्रिमंडळाने मान्यता दिली. ही पदे सबंध राज्यासाठी आहेत. शिरपूरच्या डोंगरात खबर आली की पहिला माणूस अजूनही ठाण्याचा बीट हवालदारच निघतो.