किटवर रेघ उमटली, पण कोणता एफआयव्ही?

आमच्या गल्लीत एक भुऱ्या बोका आहे, परभणीच्या उन्हात दिवसभर टाकीखाली पडून राहतो आणि रात्री गच्चीगच्चीवर मारामाऱ्या करत फिरतो. मागच्या महिन्यात गालावर लिंबाएवढं गळू घेऊन आला. शेजारच्या काकूंच्या वायरच्या पिशवीत घालून त्याला डॉक्टरकडं नेला, त्यांनी गळू साफ केलं आणि रक्ताचा थेंब किटवर टाकला. एक रेघ आली, मग हळूच दुसरी. एफआयव्ही पॉझिटिव्ह, म्हणजे मांजरांची प्रतिकारशक्ती पोखरणाऱ्या व्हायरसची लागण.

घरी येईपर्यंत ग्रुपवर मेसेज हजर! 'मांजराचा एड्स, माणसाला लागतो, मांजरं लांब सोडून या.' काकू म्हणल्या, "काहून आणलास रे त्याला परत? लेकरं हायेत घरात."

तर आधी तेवढं क्लिअर करू, माणसाला एफआयव्ही होत नाही. घासून, चाटून, मांडीवर बसून तर नाहीच, चावला तरी नाही (चावा मात्र साबणानं धुवायचा आणि रेबीजची सुई घ्यायची, त्यात हयगय नको). का होत नाही याचं कारण लई मजेशीर आहे आणि बोका किती आजारी पडणार याचा धागाही तिथूनच निघतो.

हा व्हायरस पहिल्यांदा सापडला 1986 साली, कॅलिफोर्नियातल्या पेटालुमा गावात, एका बाईंनी पाळलेल्या मांजरांच्या घोळक्यात. डेव्हिसच्या विद्यापीठातल्या नील्स पेडरसन आणि जेनेट यामामोटो यांनी तो वेगळा केला. एचआयव्हीच्याच कुळातला, आरएनएवाला. सगळी जनुकीय कुंडली साधारण साडेनऊ हजार अक्षरांची. पेशीत शिरला की आरएनएवरून डीएनएची कॉपी काढतो, पण कॉपी काढणारं एन्झाइम लिहिलेलं परत तपासत नाही, म्हणजे आमच्या शाळेतल्या त्या पोरासारखं जे पेपर लिहून झाला की पहिल्या मिनिटाला उठून जायचं. चुका होतातच. त्यात एकाच पेशीत दोन वेगळे व्हायरस शिरले तर त्यांची अक्षरं एकमेकांत मिसळतात. त्यामुळं 'एफआयव्ही' असं एकच नाव असलं तरी ए पासून ई पर्यंत मुख्य पाच उपप्रकार आहेत आणि प्रत्येकाच्या पोटात असंख्य स्ट्रेन, म्हणजे थोडे थोडे वेगळे वाण. लॅबमधल्या प्रयोगांत सी उपप्रकारातले काही स्ट्रेन फार वाईट निघालेत, काही इतर स्ट्रेनची मांजरं मात्र वर्षानुवर्षं ठणठणीत राहतात.

आता माझा आवडता भाग. या अक्षरांत 'एन्व्ह' नावाचा जीन आहे, तो व्हायरसच्या अंगावरचं प्रोटीन बनवतो, त्यालाच किल्ली म्हणा. मांजराच्या पेशीवर दोन कुलपं असतात, पहिलं सीडी134 आणि दुसरं सीएक्ससीआर4. हे पहिलं कुलूप 2004 मध्ये सापडलं. ते प्रामुख्यानं कोणत्या पेशीवर दिसतं? ज्या मदतनीस टी पेशी लढाईला उठून तयार झाल्यात त्यांच्यावर! म्हणजे शरीर इन्फेक्शनशी लढायला जवान उभे करतं आणि हा नेमके तेच पकडतो. माणसाचं दुसरं कुलूप या किल्लीला चालतं, पण पहिल्याची घडण वेगळी आहे, तिथं किल्ली बसतच नाही. आपण सुटलो ते त्यामुळं.

आणि पकडीतही फरक आहे बरं का. ग्लासगोच्या जीएल8 सारखे स्ट्रेन सीडी134 ला दोन ठिकाणी घट्ट धरतात, काहींना एकच जागा पुरते. एकाच मांजराच्या अंगात वर्षं जातात तशी एन्व्हची अक्षरं बदलत जातात आणि अशा सैल पकडीचे व्हायरस निघायला लागतात. लॅबमध्ये वाढवलेल्या काही स्ट्रेनमध्ये तर एन्व्हमधलं एक अमिनो आम्ल बदललं की व्हायरस पहिल्या कुलपाशिवाय थेट आत. किल्ली बदलली की कोणत्या पेशी मरणार ते बदलतं, आणि त्यावर आजार किती जोरात येणार ते.

पण सगळं किल्लीवरच नाही. मांजराच्या पेशीत एपोबेक3 नावाचं प्रोटीन आहे, ते व्हायरसची नवी कॉपी निघताना तिच्यातली अक्षरं खोडून ठेवतं, जी च्या जागी ए अशा इतक्या चुका की कॉपी कामाचीच उरत नाही. व्हायरसकडं उतारा आहे, 'विफ' जीन, तो एपोबेक3 ला कचऱ्यात पाठवतो. हे जमत नसेल तर काय होतं ते प्यूमाच्या (अमेरिकेतल्या मोठ्या रानमांजराच्या) एफआयव्हीमुळं कळलं. तो घरच्या मांजरात टोचला तर मांजर फारसं आजारी पडत नाही, व्हायरसचीच अक्षरं खोडून खोडून वाट लागते. कहर म्हणजे नंतर त्याच मांजराला सी उपप्रकार दिला तर त्याचाही त्रास कमी होतो.

सिंहांचं पण तसंच. 1994 मध्ये आफ्रिकेतल्या सेरेंगेटीच्या जंगलात डिस्टेंपरच्या (मुख्यतः कुत्र्यांना होणाऱ्या एका व्हायरसच्या आजाराच्या) साथीत एक तृतीयांश सिंह गेले, आणि नंतर बघितलं तर सिंहाच्या अंगात एफआयव्हीचा कोणता उपप्रकार होता त्यानुसार वाचण्याची शक्यता वेगवेगळी दिसली.

अर्थात गर्दी, ताण, दुसरे आजार हेही आलंच. अमेरिकेत दोन शहरांतल्या पॉझिटिव्ह मांजरांची तुलना झाली, शिकागोत घरात एखाददुसरं मांजर, मेम्फिसमध्ये एका घरात दाटीवाटीनं भरलेली. मेम्फिसची निम्म्याहून जास्त दोन वर्षांच्या आत गेली, शिकागोची बहुतेक टिकली.

म्हणून किटवरची रेघ फक्त अँटीबॉडी (व्हायरसविरुद्ध शरीरानं बनवलेलं प्रोटीन) आहे एवढंच सांगते, उपप्रकार नाही, किल्ली नाही. तरी लोक बोक्याला 'इम्युनिटी बूस्टर' पावडर चारायलेत, आणि आमच्याकडं तर मांजरीची वार तिजोरीत ठेवली की पैसा येतो म्हणणारेही आहेत, ज्यांच्या तिजोरीत आजवर वारेशिवाय काही सापडलं नाही.

भुऱ्याची नसबंदी झाली. लागण मुख्यतः चाव्यातून होते, त्यामुळं मारामाऱ्या बंद केल्या की निम्मं काम होतं. सध्या तो काकूंच्याच ओसरीत झोपतो, एक कान फाटका, तोंडात थोडी लाळ, हिरड्या लाल. काकू दुधात भाकर कुस्करून देतात आणि म्हणतात, "चावत तर नाही ना आता?"